रस्त्यापलीकडे गेलेले आमचे जनरल मॅनेजर

श्री. केशवराव उमाटे, म्हणजे आपल्या सर्वांचे भाऊसाहेब, यांचे पहिले दर्शन मला वडनेरला सिनेमाच्या तंबूत झाले. या गोष्टीला पंधराएक वर्षे झाली असतील. भाऊसाहेब तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या एका टुरिंग टॉकीजचे मॅनेजर होते आणि मी वडनेरात रेडिओ दुरुस्त करत असे. सायंकाळचा खेळ चालू असताना अचानक आवाज गेला. पडद्यावर माणसे ओठ हलवत होती, पण ऐकू काहीच येईना. मला घरून बोलावून आणले. मी अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलो आणि इकडे पब्लिकने शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला.

तेव्हा पांढरे धोतर आणि काळी टोपी घातलेले एक गृहस्थ पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि सगळ्या पात्रांचे बोलणे स्वतःच बोलू लागले. नायक तेच, नायिका तेच, खलनायक तेच आणि घोडाही तेच. नायिकेच्या आईला सिनेमावाल्यांनी मध्यंतराआधीच मारले होते. बाया फार रडत होत्या, म्हणून भाऊसाहेबांनी तिला गावाला गेल्याचे सांगून जिवंत ठेवले. अर्ध्या तासाने मी आवाज जोडला, तर पुढून ओरडा झाला, "मशीन बंद कर गा! भाऊसाहेबालेच बोलू दे!" दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडवायला सांगितल्याचा हा माझ्या धंद्यातला एकमेव प्रसंग.

पुढे गावोगावी व्हिडिओ आले आणि तंबू गुंडाळला गेला. त्याच सुमारास वर्ध्याचे कापसाचे व्यापारी रतनसेठ यांनी मुंबईहून व्हिडिओ गेमची मशीने आणली आणि स्टेशनकडच्या रस्त्यावर आपल्या रिकाम्या गाळ्यात 'मनोरमा व्हिडिओ गेम्स' सुरू केले. ज्यांनी ही मशीने पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : कपाटाएवढी पेटी, तिला टीव्हीसारखी काच, खाली एक दांडा आणि दोन बटणे. टोकन टाकले की काचेत विमान येते आणि वरून पडणारे शत्रू मारायचे असतात. भाऊसाहेब स्वतः सेठजींकडे गेले, काम मागितले आणि जनरल मॅनेजर झाले. हे काम म्हणजे काय, हे त्या वेळी दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

त्यांनी मला वडनेरहून बोलावून घेतले. पेटीच्या आतले तारांचे जंगल पाहून मी हात जोडले.

"भाऊसाहेब, हे मले जमत नाई जी."

"मलेही नाई जमत," ते म्हणाले. "म्हणून तर दोघं पाह्यजे. एकट्याले कोण माफ करते?"

त्या दिवसापासून मी त्यांचा सहकारी आहे, आणि मनाने शिष्यही.

भाऊसाहेबांना खेळ शेवटपर्यंत आला नाही. त्यांचे विमान जन्मताच मरत असे. पण दुसरा कोणी खेळत असला की ते त्याच्या मागे उभे राहत आणि त्याच्याहून जास्त घाबरत. "डावीकडं पाह्य! अरे, मागून येऊन राह्यला ना तो!" विमान पडले की ते खरोखर हळहळत, टोपी काढून क्षणभर हातात धरत. एखादा चांगला खेळला की तंबूच्या काळातला माईक हाती घेऊन रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी घोषणा करत : "सेलूच्या पाटलांच्या धाकट्या चिरंजीवांनी आत्ताच अकरा विमानं पाडली आहेत! पाटील घरी असतील तर त्यांनी चिंता करू नये, चिरंजीव सुखरूप आहेत!" मुले खेळासाठी येत असत हे खरे, पण आपले नाव त्या भोंग्यातून ऐकायला त्याहून जास्त येत असत.

त्यांच्या कार्यपद्धतीचा एक नमुना सांगितला पाहिजे. गावातल्या एका शाळेचे हेडमास्तर एक दिवस छडी घेऊनच आमच्या गाळ्यात शिरले. तास बुडवून आलेली मुले मशीनमागे लपली. भाऊसाहेबांनी पुढे होऊन नमस्कार केला.

"सर, मारायचं तर माराच. पण काय पाहून मारलं हे कोणी विचारलं तर सांगता आलं पाह्यजे. एक डाव पाहून घ्या."

सर बसले. त्यांचे विमान लगेच पडले.

"हा अन्याय आहे!" सर गरजले. "मी तयारच नव्हतो!"

भाऊसाहेबांनी दुसरे टोकन टाकले. मग तिसरे. शेवटी मशीनमागून एक विद्यार्थी बाहेर आला आणि म्हणाला, "सर, बटण दाबूनच ठेवा जी." सरांनी छडी त्याच्या हातात धरायला दिली आणि दोन्ही हातांनी खेळू लागले. शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली तेव्हाच ते उठले. त्याच दिवशी करार झाला : शाळेच्या वेळात विद्यार्थ्याला प्रवेश नाही, आणि एरवीही दारात पाढा म्हटल्याशिवाय टोकन नाही. सतरा आणि एकोणीसचे पाढे आमच्या पायरीवर जितके घोकले गेले तितके कुठल्या वर्गात गेले नसतील. सर पुढे दर रविवारी 'पाहणीसाठी' येत. त्यांनाही पाढा म्हणावा लागे.

आता एक घरगुती आठवण. माझे वडील शेतकरी. मुलगा वर्ध्याला पोरांच्या खेळाच्या पेट्या उघडतो, हे गावात सांगायची त्यांना लाज वाटे. एकदा ते न कळवता आले आणि दाराशीच उभे राहिले. मी पाठ टेकून मशीनखाली शिरलेलो, नुसते पाय बाहेर. भाऊसाहेबांनी त्यांना ओळखले कसे कोण जाणे, बहुधा आमच्या दोघांच्या नाकावरून. त्यांनी वडिलांना स्वतःच्या खुर्चीवर बसवले, चहा मागवला आणि माईक घेतला : "आज आपल्या कंपनीचे चीफ इंजिनिअर श्री. सुधाकरराव यांचे तीर्थरूप वडनेरहून आले आहेत. सर्वांनी दोन मिनिटं खेळ थांबवावा!" खेळ थांबला. पोरे रांगेने येऊन वडिलांच्या पाया पडली. परत जाताना वडील एस. टी.त शेजारच्याला म्हणाले म्हणे, "पोरगा इंजिनेर आहे माहा." त्या दिवसापासून वडनेरात कोणाचीही मोटार बंद पडली की मला निरोप येतो, आणि मला जावे लागते.

असे सगळे छान चालले असताना आमच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, नागपूरच्या विलासबाबूंनी 'रॉकेट व्हिडिओ गेम सेंटर' उघडले. रंगीत काचा, नवी मशीने, छताला पंखे. आणि एक दिवस बातमी आली की विलासबाबूंनी आमच्या भाऊसाहेबांना बोलावले आहे आणि भाऊसाहेब जाणार आहेत.

आमच्यावर आभाळच कोसळले. कारण विचारले तर प्रत्येकाला वेगळे उत्तर मिळे. टोकन देणाऱ्या मारोतरावांना सांगितले, "तिथल्या खुर्चीले हात आहेत." घरी वहिनींना सांगितले, "तिथं पंखा आहे." रतनसेठ तर कारण विचारायलाच तयार नव्हते. मान फिरवून ते एवढेच म्हणाले, "जाना है तो जाव. रतनसेठ कुणाले रोकत नाही." भाऊसाहेबांचा चेहरा तेव्हा उतरलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठले.

"भाऊसाहेब, खरं सांगा. काऊन चालले?"

त्यांनी बशीतला चहा फुंकून फुंकून संपवला. मग म्हणाले, "सुधाकर, मले आजपर्यंत कोणी मागितलंच नाई. तंबूत मी स्वतः गेलतो. सेठकडं स्वतः गेलतो. माह्या लग्नासाठीही पोरीकडं आम्हीच चार खेपा घातल्या. आता साठी आली, अन् एक माणूस नागपूरहून येते अन् म्हणते, भाऊसाहेब, आम्हाले तुम्हीच पाह्यजे. कसा नाई जाऊ?"

मी दोन्ही चहांचे पैसे दिले.

निरोपसमारंभ झाला. हेडमास्तरांचे भाषण सुरुवातीलाच हुंदक्यात बुडाले. मारोतराव इतके रडले की त्यांना पाहून रस्त्यावरच्या लोकांनी कोण गेले अशी चौकशी केली. पलीकडून विलासबाबू बँड घेऊन आले होते. हार घातलेले भाऊसाहेब सर्वांना मिठ्या मारून, पुनःपुन्हा मागे वळून बघत, रुमालाने डोळे पुसत निघाले. रस्ता अर्धा ओलांडला तोच एक बैलगाडी आडवी आली, म्हणून थोडा वेळ त्यांना मध्येच उभे राहावे लागले, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक रडत होते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर आमचे शटर उघडे! भाऊसाहेब नेहमीच्या खुर्चीवर बसून मारोतरावांना उशिराबद्दल बोलत होते. किल्ली त्यांच्या कनवटीलाच राहिली होती. आमची बोलायची छाती होईना. रतनसेठ आले, त्यांनी पाहिले आणि दोन चहा मागवले. दोघांनी समोरासमोर बसून चहा घेतला. इतक्यात पलीकडच्या फुटपाथवरून विलासबाबूंनी हाक मारली. भाऊसाहेब दचकून उभे राहिले.

"अरे बाप्पा! मी तर इथून गेलतो!"

त्यानंतरचे दिवस आम्हाला जड गेले. मुले भाऊसाहेबांच्या मागे पलीकडे गेली. आमच्या मशीनवर धूळ बसू लागली. रतनसेठ गाळा पुन्हा कापसाला द्यायचे बोलू लागले, आणि तसे झाले असते तर मी, मारोतराव आणि आणखी दोघे घरी बसलो असतो. मारोतरावांनी तर गावी म्हशी घेण्याची चौकशीही केली होती.

एका गर्दीच्या रविवारी पलीकडचा भोंगा बोलू लागला : "आपल्या इथं रांग फार मोठी झाली आहे. मागच्या पोट्ट्यांनी समोरच्या मनोरमात जावं. तिथलं मोटारीच्या शर्यतीचं मशीन आपल्यापेक्षा चांगलं आहे!"

आम्ही ऐकतच राहिलो. विलासबाबू धावत बाहेर आले. त्यांचे बोलणे आम्हाला ऐकू आले, कारण माईक चालूच होता.

"भाऊसाहेब, तुम्ही मॅनेजर कोणाचे आहात?"

"तुमचाच जी. पण पोट्टं रांगेत कंटाळलं तर घरी जाते. समोर गेलं तर वापस तरी येते."

हे खरे ठरले. मुले रस्ता ओलांडून इकडे येऊ लागली, इथे रांग झाली की तिकडे जाऊ लागली. दोन्ही गाळे भरले. दोन्हीकडे पाढ्याची अट लागू झाली. विलासबाबूंनीही मग तक्रार केली नाही.

आणि तान्ह्या पोळ्याचा तो दिवस. लाकडी बैल घेऊन मुले घरोघरी फिरून आली आणि थेट 'रॉकेट'मध्ये शिरली. त्या रांगेत, दोन लाकडी बैलांच्या मध्ये, कोट घालून रतनसेठ उभे होते. रस्ता ओलांडायची त्यांची ही पहिलीच वेळ. आम्ही चौघे काम सोडून मागोमाग गेलो. सेठजींनी दारात पाढा म्हटला, टोकन टाकले आणि त्यांचे विमान तत्काळ पडले. भाऊसाहेबांनी टोपी काढली. मग माईक उचलला, पण घोषणा करण्याआधीच सेठजी बोलले.

"भाऊसाहेब, वापस चला."

सगळ्या रस्त्याने ते ऐकले. टांगेवाल्यानेही टांगा थांबवला. ज्यांनी घोड्याचेसुद्धा संवाद म्हटले होते, त्या भाऊसाहेबांना शब्द सुचेना.

"सेठ," शेवटी ते म्हणाले, "अजून एकदा म्हणा."

"वापस चला, भाऊसाहेब. हमाले तुम्हीच पाहिजे."

भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि प्रसन्न हसले. "नाई येत जी," ते म्हणाले. "विलासबाबूंना शब्द देऊन बसलो. पण बोलावलं, हे फार बरं केलं."

सेठजीही हसले. विलासबाबूंनी तिघांसाठी चहा सांगितला. तेव्हापासून दोन्ही कंपन्यांत वैर उरले नाही. भाऊसाहेबांच्या साठीनिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ दोन्ही मालकांनी मिळून काढला आहे, आणि मुखपृष्ठावर कोणाचे नाव आधी छापायचे एवढाच वाद शिल्लक आहे.

भाऊसाहेबांना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो. त्यांची नजर, पाय आणि विशेषतः गळा असाच शाबूत राहो. पंचाहत्तरीला त्यांना पुलगावहून मागणी यावी, ऐंशीला नागपूरहून यावी, आणि प्रत्येक वेळी आम्हाला रडण्याची संधी मिळावी. आधी दुसऱ्याला शब्द दिलेला नसेल, तर मनापासून कोणी बोलावले की त्यांना नाही म्हणवत नाही, हे आता सगळ्या जिल्ह्याला कळले आहे. म्हणूनच वरच्या मालकांना हात जोडून विनंती आहे : महाराज, तुमच्याकडेही करमणुकीला माणूस लागत असेल, हे आम्ही समजू शकतो. पण शंभरी होईपर्यंत आमच्या भाऊसाहेबांना निरोप धाडू नका. ते येऊन बसतील.