भांडणात उघडणारा डबा

ऑफिसातला ताण माझ्या साडूइतक्या चवीने खाल्लेला माणूस शिवडीपासून गिरगावापर्यंत सापडणार नाही. शिवडीला माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. हमालीपासून सुरुवात करून ते उभं केलं, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि तो बारीक करावा असं मला कधी वाटलं नाही. गाड्या गोदीच्या गेटवर अडकतात, पार्टी फोनवर शिव्या घालते, ड्रायव्हर फोन उचलत नाही; अशा धंद्यात माणूस ओरडणार नाही तर काय भूपाळ्या गाईल? साडूभाऊ लालबागहून यायचे आणि गाड्यांच्या फेऱ्या लावायचे. मी आवाज चढवला की ते शांतपणे डबा उघडायचे. त्यांचे वडील गिरणीत होते. तिथे म्हणे रीतच होती, घास तोंडात असलेल्या माणसावर मुकादमानेही ओरडायचं नाही. माझी आईही तेच सांगायची, म्हणून माझी पंचाईत.

सकाळी गाडी चुकली की घावणे, पार्टी तापली की काळ्या वाटाण्याची उसळ. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डबा रिकामा, म्हणून त्यांनी खणात कुरमुऱ्यांचा वेगळा डबा ठेवला. पुढे साथ पसरली. मी केबिनचं दार जोरात ढकललं की अख्खं ऑफिस तोंडात घास टाकून चावायला लागायचं. एकदा एका पार्टीचा माणूस माल भिजला म्हणून हात उगारत आला. साडूभाऊंनी खुर्ची सरकवली. "बसा हो. आधी हा घावणा संपवा, मग आम्हाला हाणा." तो बसला, त्याने खाल्लं, आणि भरपाईचं बोलणं निम्म्या आवाजात झालं.

मग डॉक्टरांनी साडूभाऊंची साखर वाढल्याचं सांगितलं. खाणं वेळेवर, मधे काही नाही. दुसऱ्याच दिवशी ते केबिनमध्ये आले. "शेठ, मी आता थांबतो."

"साखरेसाठी नोकरी सोडतात होय?"

"साखर सांभाळीन रे. पण तू ओरडलास तर उघडू काय?"

भाव करण्यात मी कुणाला हार गेलेलो नाही. "दिवसातून एकदाच ओरडीन," म्हटलं. ते नुसते हसले. "बरं, आठवड्यातून एकदा. याच्या खाली मला परवडत नाही, साडूभाऊ."

"आणि तो वार कुठला, ते आधी सांगशील? नाही ना? मग बाकीचे दिवस मी वाटच बघत बसणार."

 मला राग आला, अजूनही येतो. घरचा माणूस म्हणून यांना मी बोलावून आणलं, आणि हे असे निघाले. चांगलं ओरडणार होतो. पण ते डब्याशिवाय, रिकाम्या हातांनी समोर उभे होते; आवाज चढलाच नाही.