वीस वेळा 'नाही'

वस्तादांना पाण्याखाली तीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या मते आता शिकायचं काही उरलं नव्हतं. समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांचे पाय तपासायचे, गंजलेलं कापायचं, नवं जोडायचं. हाताखाली सहा पाणबुडे. त्यातला एक बायकोचा धाकटा भाऊ, त्याला या धंद्यात त्यांनीच ओढलेलं.

यंदा नियम बदलले. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने प्रकृतीचा वीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा. "त्यात वाचायचंय काय? दुखतं का, खुपतं का. सगळीकडे 'नाही' ठोका!" वस्ताद म्हणाले आणि त्यांनी ठोकलंही. वस्तादांचं बघून लिहायचं ही या लोकांची जुनी रीत. सहाही जणांनी ठोकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

"तुम्ही गरोदर नाही, हे कळलं," बाई फॉर्म पुढे सरकवत म्हणाल्या. "पण विसावा प्रश्न वाचलात? 'मी पाण्यात उतरण्यास तंदुरुस्त आहे.' सातही जणांनी 'नाही' लिहिलंय. आता नियमाप्रमाणे सगळ्यांची तपासणी."

हात्तिच्या! तीस वर्षांत एकाही साहेबाला वस्तादांना पाण्याबाहेर ठेवणं जमलं नव्हतं. ते काम त्यांनी स्वतःच्या सहीनिशी करून दिलं होतं. चष्मा नव्हता म्हणावं, तर डोळेही गेले म्हणून लिहितील. शहाणा माणूस मुकाट्याने खुर्चीत बसला.

पहिला नंबर मेहुण्याचा. घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, हळूहळू हाड मरतं, बाईंनी सांगितलं. वेळेत कळलं तर सावरता येतं, नाहीतर पाय कायमचा अधू. मग विचारलं, "खुबा दुखतो?"

मेहुण्याने सवयीने वस्तादांकडे पाहिलं. जिना चढताना हा कठडा धरतो, हे वस्तादांना वर्षभर दिसत होतं आणि वर्षभर ते दुसरीकडे बघत होते. 'हो' म्हटलं तर त्याचं पाण्यात उतरणं बंद, आणि मग खरं बोलायची पाळी वस्तादांवरही येणार.

"बाई, आधी माझं लिहा," वस्ताद म्हणाले. "उजवा खांदा. आठ वर्षं झाली. शर्टसुद्धा बायको चढवून देते."

मेहुण्याचा हात खुब्यावर गेला.

"भाऊजी, तुमचंही दुखतं?" तो म्हणाला. "मला वाटायचं, आपल्यात मीच एकटा कच्चा आहे."