भावजींचं कोंबड्यांचं शेड

माझे धाकटे दीर काही वर्षं हैदराबादेत राहून गावी परतले, ते कोंबड्यांविषयी सगळं कळतं अशा थाटात. तिथं ते नेमकं काय करत होते हे कुणालाच कधी कळलं नाही. नवरा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर, घरात मी आणि सासू. त्यामुळं त्यांचं सगळं ज्ञान आम्हा दोघींच्या कानांवर पडायचं.

भालकीच्या रस्त्याला लागून आमचं रान होतं. तिथं त्यांनी पत्र्याचं शेड घातलं. आत तारेचे पिंजरे, एकावर एक रचलेले. एकेका पिंजऱ्यात इतक्या कोंबड्या कोंबलेल्या की एकीनं पंख हलवला तर तो दुसरीच्या तोंडात जावा. शेड बघायला तालुक्याचे एक पुढारी आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "वा! एकदम सायंटिफिक!"

भावजी फुलले. "कोंबडीला हालायचं कामच न्हाई, सायेब. हाटेलात राहिल्यावाणी. बसायचं, खायचं, अंडं टाकायचं."

बसणं आणि खाणं यापलीकडं या माणसानं स्वतः कधी काही केलं नव्हतं. म्हणून त्याला ते सुख वाटत असावं.

सासूच्या गावरान कोंबड्या अंगणात हिंडायच्या. "ह्यांच्यामुळं माझ्या मालाला रोग लागंल," म्हणत भावजींनी त्या बाजारात घालवल्या. सासू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. रोगाचं त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गावरान कोंबड्यांचा त्रासही होताच. कडब्यात कुठंतरी अंडं घालायच्या, ते आम्हाला सापडायच्या आत मुंगसाला सापडायचं, आणि सापडलंच तर शेणामातीनं माखलेलं. पिंजऱ्यातली अंडी मात्र तारेवरून आपोआप घरंगळत पुढं यायची, पांढरी आणि स्वच्छ. ती गोळा करायचं काम माझं. पहिला हिवाळा भावजी गावभर मान ताठ करून फिरले.

उन्हाळा लागला आणि पत्रा तव्यासारखा तापला. कोंबड्या चोची वासून धापा टाकू लागल्या. खाद्याकडं बघेनात. मग अंड्यांचं कवच पातळ होत गेलं. हातात घेतलं की बोट आत जायचं, आणि उरलेली तारेवर घरंगळतानाच तडकायची. फोडलं तर बलक फिका, पांढरं पाण्यासारखं पसरणारं.

"पत्र्यावर कडबा टाकून पाणी मारा," सासू म्हणाली.

"कडबा टाकल्यावर शेड झोपडीवाणी दिसंल," भावजी म्हणाले. "लोक काय म्हंतील?"

"भावजी, कोंबड्या मरायल्यात," मी म्हटलं.

"वैनी, तुमाला ह्यातलं काय कळतंय?"

त्यांना मात्र एवढं नक्की कळत होतं की त्यातलं अंडं स्वतः खायचं नाही. त्यांच्या ताटात शेजारच्या घरून मागवलेलं गावरान अंडं लागायचं. "पोल्ट्रीचं उष्ण पडतंय," म्हणायचे. बाजारात जाणाऱ्या ट्रेवर हात ठेवून हेच तोंड पुन्हा म्हणायचं, "एक नंबर माल!"

एका दुपारी करंट गेला, पंखे थांबले. भावजी भालकीत कुणाशी तरी गप्पा ठोकत बसले होते. मी आणि सासूनं बादल्यांनी पाणी वाहिलं, पोती भिजवून टांगली. तरी संध्याकाळी शेडच्या दारात मेलेल्या कोंबड्यांचा ढीग होता. भावजी आले, ढीग बघितला आणि म्हणाले, "जातच कमजोर निघाली."

उरलेल्या अंड्यांना भाव येईना, तेव्हा त्यांनी चहाची पत्ती उकळली. पांढरी अंडी त्यात बुडवली की तांबूस व्हायची, गावरानसारखी. मला हात लावायला सांगितलं.

"माझा हात ह्याला लागणार न्हाई," मी म्हटलं.

"कामून? अंडं तेच हाय की!"

सासूचे डोळे दाखवायला आम्हाला गुलबर्ग्याला जायचं होतं, म्हणून ती अंडी तिथल्या बाजारात नेणाऱ्या भावजींच्याच टेंपोत आम्ही बसलो. बाजारात टेंपो उभा करून ते "गावरान, गावरान" ओरडत होते. एका बुरखेवाल्या बाईनं अंडं उचललं, बोट जिभेला लावून त्यावर घासलं. बोट तांबडं झालं.

"अंडे रंगाको लाए क्या जी?" ती मोठ्यानं म्हणाली. माणसं जमली. भावजी घाईघाईनं हिंदीत, कन्नडात, मराठीत शपथा घेऊ लागले. तिन्ही भाषांत खोटंच. सासूला आधीच धूसर दिसत होतं, पण ऐकू स्वच्छ येत होतं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

पुढच्या महिन्यात ते पुण्याला गेले. प्लॉटचा धंदा करतो म्हणाले.

ते गेल्यावर आम्ही पिंजरे उघडले. कोंबड्या बाहेर येईनात. तारेभोवती वाढलेली नखं सोडवून एकेकीला उचलावं लागलं. एकीचा पाय माझ्या हातातच काटकीसारखा मोडला. जमिनीवर ठेवलेल्या तशाच उभ्या राहिल्या, सावलीसुद्धा शोधता येईना. त्यातल्या बऱ्याच गेल्या. जगल्या त्या आठवड्याभरात माती उकरायला शिकल्या, आणि अंगणातलं हिरवं खाऊन त्यांच्या अंड्यांचा बलक हळूहळू पिवळाधमक झाला.

एकदा शेजाऱ्याच्या फोनवर भावजींचा फोन आला. "वैनी, त्या कोंबड्या मुळातच आळशी होत्या बगा."

मी फोन सासूकडं दिला.

"जेवलास का, बाळा?" तिनं विचारलं.

ते मला ऐकवेना. मी उठून बाहेर आले.