दोऱ्याची साक्ष

प्रामाणिकपणाची परीक्षा संकटात होते, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो गुण पूर्वतयारीत अधिक स्पष्ट दिसत आला आहे. जे श्रम काम पूर्ण होताच दृष्टीआड होणार, तेही जो निष्ठेने करतो, त्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबावे. माझे मामा असे होते.

बसगाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षे रंगाचा फवारा मारून निवृत्त झाल्यावर ते गल्लीतली लोखंडी फाटके आणि कठडे रंगवीत. पहिले दोन दिवस केवळ घासणे. तारेचा ब्रश, मग पॉलिशपेपर, मग ओले फडके. गंजाचा कण उरला असेतो फवाऱ्याला हात नाही. त्यानंतर तांबडा प्रायमर, आणि तो वाळल्यावर रंग. मात्र रंगापूर्वी काठीला बांधलेला सुती दोरा उंच धरून ते जणू वाऱ्याची अनुज्ञा घेत. दोरा हलला की काम बंद.

एकदा मामींच्या वाळत घातलेल्या चादरींवर हिरवी नक्षी उमटली. मामी कडाडल्या, "आता कुणाच्या वस्तूवर एक ठिपका जरी पडला ना, तर हा फवारा भंगारात!"

"मान्य," मामा म्हणाले. त्यांचे 'मान्य' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पुढे एका सकाळी ते स्वतःचेच फाटक रंगवीत होते. दोरा निश्चल होता. अर्धे काम झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले, तो शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या गाडीवर हिरवे तुषार! मामांनी दोरा चिमटीत धरला. वर्षानुवर्षे रंग पिऊन तो खिळ्यासारखा ताठ झाला होता. गंजाच्या कणाकणाची झडती घेणारा हा मनुष्य आपला दोरा तपासायला विसरला होता.

बाईंनी अद्याप काही पाहिले नव्हते. मामांनी स्वतःच त्यांची घंटा वाजवली.

"बाई, तुमच्या गाडीला माझ्यामुळे गोवर आलाय."

"हिरवा गोवर? किती दिवसांत उतरेल?"

"तीन."

तीन दिवस मामा मेणाचे पॉलिश आणि मऊ फडके घेऊन गाडीशी बसले. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "मामा, नवी आणली तेव्हाही इतकी चकाकत नव्हती! आता आमचा कठडा कधी घेताय?"

"नाही जमायचं. शब्द दिलाय," मामा खाली मान घालून म्हणाले. फवारा त्यांनी आधीच पोत्यात बांधला होता.

दारात उभ्या मामी म्हणाल्या, "अहो, शब्द मला दिलाय ना? मग त्यातून सोडवणारीही मीच."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही! चूक दोऱ्याची, नि शिक्षा फवाऱ्याला?" त्यांनी कात्रीने जुना दोरा कापला आणि शिवणाच्या डब्यातला नवा बांधला. "यापुढे दर कामाला नवा दोरा मी बांधणार. तुमचा काही भरवसा नाही!"

तीन दिवसांत मामा प्रथमच हसले. पुढची अकरा वर्षे दोरा मामीच बांधत राहिल्या.

मामांना जाऊन सहा वर्षे झाली. डॉक्टरीणबाईंच्या कठड्याला अजून गंज चढलेला नाही.