तीन सुरांत बसेल तेवढं प्रेम

इथं अमेरिकेत, बॉथेलला आमच्या शेजारी राहणारी ती पुण्याची मुलगी कोरियन गाणी जपानीत बसवते आणि माझं डोकं खाते. बोलता बोलता बोटांवर अक्षरं मोजते, अर्ध्या वाक्यात गुणगुणायला लागते. परवा आली ती रडकुंडीलाच.

"मावशी, गाणं आजच पाठवायचंय यार! 'माझं प्रेम आहे' हे कोरियनमध्ये तीन सुरांत बसतं, सा-रांग-हे. जपानीत आ-इ-शि-ते-रु, पाच होतात!"

"आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत हे एकदाही म्हटलेलं नाही," मी वैतागले. "'जेवलीस?' एवढंच विचारतात."

तिनं बोटं मोजली. "जपानीत ता-बे-ता? म्हणजे 'जेवलीस?' तीनच!" तिथंच टाइप केलं. मग पाठवताना थबकली. "पण मावशी, ह्यात प्रेम वाटेल ना?"

"मला वाटलं म्हणून तर चाळीस वर्षं टिकले ना, बाई! पाठव!"