एक थेंबही नाही

सगळी गल्ली त्याला वॉशर म्हणायची आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. उभा जन्म नळदुरुस्तीत गेलेल्या माणसाला लोक आणखी काय म्हणणार? कुणाकडे चहाला बसला तरी याचे कान मोरीकडे. नळ ठिबकताना ऐकू आला की गृहस्थाचं पित्त खवळलंच. यजमान नको नको म्हणत असतानाच कप खाली ठेवून पाना बाहेर काढायचा.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक लग्न करून दूरच्या शहरात गेली. तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून तिच्या दोन गिनीपिग वॉशरच्या गळ्यात पडल्या. एकीचं नाव थोरली, दुसरीचं धाकटी. निघताना पोरगी बापाजवळ जेवढी रडली नाही तेवढी पिंजऱ्याला धरून रडली. वॉशरला ते लागलं होतं, पण असलं काही बोलून दाखवायचं नाही, हा त्या घराचा जुना रोग.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"बाबा, पाणी बदललंत?"

"बदललं."

"बाटली आतून घासलीत ना? हिरवट होते हो."

"घासली."

"बरं, ठेवते."

संपलं! बापाचा गुडघा, बापाचं जेवण, कशाचीच चौकशी नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला ती विचारायची. "मला काय धाड भरलीय!" म्हणून हाच पठ्ठ्या विषय मिटवायचा. मग तिनेही विचारणं सोडलं. आता कुणाच्या नावाने बोटं मोडणार? 'ये ना गं एकदा' एवढं म्हणायला काही खर्च होता का? पण जीभ रेटायची नाही. तिचा संसार, तिची नोकरी, आपण कशाला मध्ये कडमडायचं, असं स्वतःला समजावत तो तिच्या खोलीत पिंजऱ्याजवळ जाऊन बसायचा. तिथे तिची आठवण फार दाटून यायची.

त्या पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी टांगलेली होती. खाली स्टीलची वाकडी नळी आणि नळीच्या तोंडात एक छोटी गोळी. जनावराने जिभेने गोळी ढकलली की पाणी यायचं. पण मधूनच एखादा थेंब आपणहून पडायचा, टप्! खालचं गवत भिजायचं. तेही कुणाच्या घरात, तर वॉशरच्या! गल्लीला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. एका सकाळी त्याने ताजं पाणी भरलं, नळी काढली, गोळीमागे नखाएवढं रबर बसवलं, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि बाटली पुन्हा टांगली. थेंबाची काय बिशाद आता! स्वारी खूश.

संध्याकाळी फोन आला. "बाबा, इकडे फार उकडतंय. तिकडेही असेलच. सकाळपासून पाणी किती उतरलं?"

"एक थेंबही नाही!" वॉशर छाती फुगवून म्हणाला. "असं काम केलंय मी..."

पलीकडून किंचाळीच आली. "अहो बाबा, म्हणजे त्या पीतच नाहीयेत!"

फोन कानाला धरूनच वॉशर पिंजऱ्याकडे धावला. सकाळपासून दोघी नळीला तोंड लावून खटखट करत होत्या आणि याला वाटत होतं, काय मजेत पितायत! सकाळी काकडी घातली होती म्हणून निभावलं.

"मी निघतेच," पोरगी रडत म्हणाली. "गाडी बघते." आणि फोन बंद.

त्याने रबर उपटून फेकलं, बाटली घासली, ताजं पाणी भरून टांगली. थोरली हळूच पुढे आली. खट्. बाटलीत एक बुडबुडा वर गेला. मग धाकटीने तिला ढकलून नळी बळकावली. वॉशरचा जीव भांड्यात पडला.

आणि त्याच वेळी मनात चोर शिरला. पोरगी येतेय. हे तिला सांगितलंच नाही तर? त्याने कपाटातून तिच्या पलंगाची धुतलेली चादर काढलीसुद्धा. पण पोर गाडीत सगळी वाट रडत येईल, हे त्याला सोसवेना. चादर मांडीवर घेऊनच त्याने फोन लावला.

"प्यायल्या गं दोघी. मीच अक्कल पाजळून रबर घातलं होतं, ते काढलं. छान आहेत."

"हुश्श! जीवच घेतलात माझा. मग आता यायला नको ना?"

'नको, कशाला दगदग' हे शब्द ओठांवर आलेच होते. पिंजऱ्यात धाकटीने काकडीसाठी शिट्टीसारखी लांबलचक साद घातली. तिला मागायची लाज नव्हती.

"पाण्यासाठी नको येऊस," वॉशर म्हणाला. "मला बघायला ये. मला करमत नाही गं तुझ्यावाचून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"किती वाट बघायला लावलीत, बाबा. माझ्या पलंगावरची चादर बदलून ठेवा."

"कधीचा घेऊन बसलोय," वॉशर म्हणाला.