लिमरिकमध्ये न म्हटलेला कद्दिश

पप्पा फेब्रुवारीत गेले, ठाण्यात, दुपारी बाराच्या सुमारास. लिमरिकमध्ये तेव्हा सकाळ उजाडायची होती आणि मी हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होतो. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले यहुदी. आमच्यात मयत शक्यतो त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत पुरतात. विमानाचा प्रश्नच नव्हता. मावसभावाने कबरस्थानात फोन धरून ठेवला आणि मी डॉक्टरांच्या खोलीत बसून बघत राहिलो. मध्येच नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा माती टाकून झाली होती आणि लोक हात धूत होते.

बापासाठी मुलाने कद्दिश म्हणायचा असतो. अकरा महिने म्हणतात. पण ही प्रार्थना एकट्याने म्हणून चालत नाही, दहा जाणते यहुदी पुरुष हजर लागतात. दर शुक्रवारी आई फोनवर तेच विचारायची, "मिळाले का रे दहा जण?"

लिमरिकमध्ये मला एकही यहुदी माहीत नव्हता. डब्लिनला सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, आहे, गाडीने अडीच तास. दोनदा निघायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा कुणीतरी आजारी पडल्यामुळे ड्युटी माझ्या गळ्यात पडली. पण तेवढंच कारण नव्हतं. अनोळखी दारात उभं राहून "मी यहुदी आहे" असं सांगायची मला भीती वाटत होती. ठाण्यात ते कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

मग ऑक्टोबरमध्ये एका सहलीची जाहिरात दिसली. विशी-तिशीतल्या यहुदी तरुणांसाठी, आयर्लंडमधल्या यहुदी खुणा बघायची तीन दिवसांची सहल. डब्लिन, कॉर्क, आणि शेवटी लिमरिक. नागपूरच्या एका सहकाऱ्याशी ड्युट्या बदलून घेतल्या आणि लिमरिकहून ट्रेनने डब्लिनला गेलो, बसने परत लिमरिकला येण्यासाठी.

आम्ही सतरा जण होतो. पहिल्या सकाळी मिनीबसमध्ये बसल्या बसल्या मी पुरुष मोजले. मला धरून बरोबर दहा. आईला लगेच मेसेज केला. तिने उत्तरादाखल नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

सगळे चांगले होते. खूप प्रश्न विचारायचे. "तुमच्या घराण्याने धर्म कधी बदलला?" बदलला नाही, मी सांगायचो. आमचे पूर्वज अलिबागजवळच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असं आमच्यात सांगतात. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हे त्यांना फार आवडलं. कॉर्कमध्ये एका गल्लीत सत्तर-ऐंशी यहुदी कुटुंबं राहत होती असं आमची आयोजिका सांगत होती. आता तिथे एकही नाही. पण जेवताना मात्र सगळे पुन्हा घाण्याबद्दलच विचारत होते. मी तीच गोष्ट चार वेळा सांगितली. चौथ्या वेळी ती मलाच खोटी वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी लिमरिकबाहेरच्या छोट्या यहुदी दफनभूमीत आलो. माझ्या भाड्याच्या घरापासून गाडीने जेमतेम दहा मिनिटं. त्या रस्त्याने मी दोन वर्षं जात होतो आणि ती भिंत मला कधी दिसली नव्हती. आत मोजक्याच कबरी, कापलेलं गवत, बारीक पाऊस. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला आणि बरीच घरं शहर सोडून गेली, असं आयोजिकेने सांगितलं. ती लंडनची, माझ्याच वयाची होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "वडिलांचा कद्दिश म्हणायचाय. दहा पुरुष आहेत."

तिचे डोळे भरून आले. तिने सगळ्यांना जवळ बोलावलं. तेव्हा मँचेस्टरचा एक मुलगा, सगळ्यांत धार्मिक, जो स्वतःचा डबा घेऊन आला होता, खाली बघत म्हणाला, "मला माफ कर. तुम्हा बेने इस्रायलींना या दहांत मोजता येतं का, हे मला खरंच माहीत नाही. आधी कुणा धर्मगुरूला विचारायला हवं. चुकीचं झालं तर तुझ्या वडिलांच्याच बाबतीत चूक होईल."

"मूर्खपणा आहे हा," आयोजिका म्हणाली. "आमच्या सिनेगॉगमध्ये बायकांनाही मोजतात. आम्ही सात जणी आहोत. तो एकटा बाजूला राहिला तरी सोळा होतात. चल, म्हण."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यात आईचं ‘दहा पुरुष’ होतं, ठाण्याच्या सिनेगॉगमधले म्हातारे होते. मी म्हणालो, "नको. राहू दे."

तिचा चेहरा बदलला. मला मोजलं नाही म्हणून मी दुखावलो होतो, आणि त्याच क्षणी मी तिला मोजलं नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही. घरी गेल्यावर कळलं.

तिने पाठ केलेलं काहीतरी इंग्रजीत म्हटलं, सगळे ‘आमेन’ म्हणाले. मी रिवाजाप्रमाणे एका कबरीवर खडा ठेवला. नाव पुसलेलं होतं. बाहेर आमचा ड्रायव्हर, साठीचा आयरिश माणूस, बसला टेकून उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ग्रँड ना?" इथे ‘ठीक’ला ग्रँडच म्हणतात.

"ग्रँड," मी म्हणालो.

बसमध्ये मँचेस्टरचा मुलगा शेजारी येऊन बसला. "मी आमच्या रब्बींना विचारतो. उत्तर आलं की लगेच कळवतो," म्हणाला. त्याने माझा नंबर घेतला. स्टेशनवर सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या आणि ते डब्लिनच्या दिशेने गेले.

संध्याकाळी आईचा फोन आला. "झाला का रे?"

मी म्हणालो, "हो. झाला."

"दहा होते?"

"दहा होते."

ती रडली नाही. मोठा श्वास सोडला फक्त. पुढच्या आठवड्यात तिने नवस फेडायला घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर पाच फळं. सिनेगॉगमधली माणसं बोलावली, शेजारच्या काकूही होत्या. फोटो आला. ताटाच्या मागे भिंतीवर पप्पांचा फोटो होता. मावशीने फोनवर सांगितलं, "आता तिला झोप लागते बघ." त्यानंतर खरं सांगायची वाटच राहिली नाही.

मँचेस्टरच्या मुलाचा मेसेज मार्चमध्ये आला, तोवर अकरा महिने उलटून गेले होते. ‘विचारायचं राहूनच गेलं होतं, आत्ता विचारलं,’ त्याने लिहिलं होतं. ‘रब्बी म्हणाले, अर्थातच तुला मोजता येतं. यात प्रश्नच पडायला नको होता. मला क्षमा कर.’

मी वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये उभा होतो. ‘हरकत नाही’ असं लिहून पाठवलं. आतून नर्सने हाक मारली, चौथ्या बेडवरच्या आजोबांची सलाईन बंद पडली होती. मी आत गेलो.